बी.ए. मानसशास्त्र: पोरांना नेमकं काय यायला हवं, आणि ते आलंय हे ओळखायचं कसं?

वर्गातली_खिडकी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज धागाच काढते कारण हे डोक्यात घोळतंय आणि स्टाफरूममधे बोलायला कोणाला उसंत नाही.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, मराठी माध्यम, बी.ए. आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन धोरण आलं, मेजर-मायनर-क्रेडिट सगळं नव्याने. विभागाने माझ्याकडे काम दिलंय की दुसऱ्या वर्षाच्या मेजर, म्हणजे मुख्य विषयाच्या, पेपरांचे सीओ (कोर्स आउटकम) लिही, म्हणजे पेपर संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं त्याची यादी, आणि अंतर्गत मार्क कशावर द्यायचे तेही ठरव. जुनी फाईल काढून बघितली. ‘विद्यार्थ्यांना स्मरणाच्या संकल्पना समजतील’, ‘विद्यार्थ्यांना प्रयोगाचे महत्त्व कळेल’, अशी सहा वाक्यं. समजतील म्हणजे काय हो? समजलं का नाही हे मी बघणार कसं?

हे एवढं मनाला का लागलंय ते सांगते. गेल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला जर्नलं तपासत होतो. मुल्लर-लायर भ्रमाचा प्रयोग, तुम्हाला माहितीच असेल, दोन सारख्या रेघा, एकीला बाणाची टोकं आत आणि एकीला बाहेर, प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याने, पट्टी सरकवून दोन्ही सारख्या दिसतील अशा करायच्या आणि तो किती मिलिमीटर चुकला ते मांडायचं. एक जर्नल इतकं सुंदर की काय सांगू, लाल शाईने समास, आलेख स्केलपट्टीने. तिला विचारलं की यात परतंत्र चल कोणतं, म्हणजे आपण मोजतोय ते काय, तर गप्प. मग पुढचं जर्नल उघडलं तर त्यात तेच आकडे, तिसऱ्यातही तेच.

आणि एक जर्नल होतं खाडाखोडीचं. त्या मुलीने पुठ्ठ्याची सरकपट्टी करून घरी नेली होती आणि आजीला प्रयुक्त म्हणून बसवलं होतं. समासात लिहिलेलं: ‘पहिल्या ४ प्रयत्नांत आजीने चष्मा लावला नव्हता हे मला नंतर कळलं, तिला मोतीबिंदू पण आहे, म्हणून ते आकडे वेगळे दाखवलेत. नंतर लाइट गेली. उरलेले प्रयत्न दुसऱ्या दिवशी घेतले, उजेड वेगळा होता.’ हे वाचून मी दोन मिनिटं तशीच बसले. पुस्तकात ज्याला बाह्य चलांचं नियंत्रण म्हणतात, म्हणजे निकाल हलवू शकणाऱ्या इतर गोष्टी सांभाळणं, ते या पोरीला कोणी न सांगता कळलेलं होतं. आणि मार्क? सुंदर जर्नलला २० पैकी १७, हिला ११. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नीटनेटकेपणाचे कापले आणि मी त्यावर सही केली. ती सही मला अजून खुपते.

तर प्रश्न हा, की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोराला काय यायला हवं हे तुम्ही कसं ठरवता, आणि मार्क देताना ते धरून कसं ठेवता?

खानदेशी_मास्तर

मॅडम, कळकळ पोचली. पण दुसरी बाजूही सांगतो, राग मानू नका. २२ वर्षं शिकवतोय. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, आलं १९९४ ला, तेव्हापासून फायली वाढत गेल्या आणि आता सीओ, पीओ, पीएसओ (पेपराचे, पदवीचे आणि विषयाचे आउटकम), त्यांचा तक्ता, त्यात १-२-३ आकडे भरायचे, मग अटेनमेंटची, म्हणजे ते किती साधलं त्याची, टक्केवारी. हे सगळं करणारा माणूस कोण तर तासिका तत्त्वावरचा पोरगा, ज्याला तासाचे पैसे मिळतात, फाईलचे नाहीत. विभागात मंजूर पदं तीन, भरलेलं एक. वर्गात १२० नावं. अशात आउटकम लिहून कोणाचं काय भलं होणार? आणि मानसशास्त्रातलं जे खरं आहे, की एखादं पोरगं दोन वर्षांनी घरच्या भांडणाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं, ते कुठल्या रकान्यात बसवणार?

तुमच्या त्या आजीवाल्या मुलीला मात्र पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. त्यासाठी सीओ नको, जाणकार परीक्षक हवा.

आकडेमोडी

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्यच मी उलटं धरतो. जाणकार परीक्षक हवा म्हणजे नशिबावर सोडलं ना. एका टेबलाला जाणकार बसला तर १८, दुसऱ्याला नसला तर ११. आपण दुसऱ्या वर्षाला शिकवतो की मापनाला विश्वसनीयता हवी (पुन्हा मोजलं तरी तेच यावं), वैधता हवी (जे मोजायचंय तेच मोजलं जावं), दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळायला हव्यात, त्या किती जुळतात ते सांगणारा कोहेनचा कप्पा (kappa) १९६० चा, चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रॉनबॅकचा अल्फा १९५१ चा, पोरं ते पाठ करून लिहितात सुद्धा. आणि ज्या पेपरात लिहितात त्या पेपराची विश्वसनीयता आपण जन्मात काढत नाही! इतिहासवाल्यांना नाही येत, समजू शकतो. मानसशास्त्रवाल्यांना सबब नाही. ज्या ब्लूमची क्रियापदं (‘सांगेल’, ‘ओळखेल’ अशी) सगळी कॉलेजं फाईलमधे चिकटवतात तो बेंजामिन ब्लूम स्वतः शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ, शिकागो विद्यापीठातला परीक्षांचंच काम बघणारा माणूस. त्याचं ते १९५६ चं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण झालं तेच मुळी परीक्षकांना एकमेकांशी बोलताना समान भाषा असावी म्हणून. आपल्याकडे त्याचा नुसता शब्दांचा साचा उरलाय.

मॅडम, ‘समजेल’ हे क्रियापद काढून टाका. समजणं दिसत नाही. ‘ओळखेल’, ‘फरक सांगेल’, ‘आकडे वाचून निष्कर्ष लिहील’, ‘चूक शोधेल’ हे दिसतं. आणि मास्तरांच्या १२० पोरांसाठी एक सोपं काम सांगतो, खर्च शून्य. एका चाचणीचे ६० पेपर घ्या, एकूण मार्कांप्रमाणे लावा, वरचे २७ टक्के म्हणजे १६ आणि खालचे १६ बाजूला काढा. आता एकच प्रश्न बघा. वरच्यांत १४ जणांना आला, खालच्यांत ५ जणांना. १४ वजा ५, भागिले १६, म्हणजे ०.५६. फार चांगला प्रश्न, येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला वेगळं करतो. ०.२ च्या खाली आला तर तो प्रश्न बदलायचा. आणि उलटं आलं, खालच्यांना जास्त आला, तर नक्की समजा की उत्तरतालिका चुकलीय नाहीतर प्रश्नाची भाषा तरी. तिसऱ्या वर्षाच्या पोरांकडूनच हे करून घ्या, नावं झाकून, त्यांचं सांख्यिकीचं प्रॅक्टिकलही होईल.

लीड्सकर

मी नागपूरची, सध्या इंग्लंडमधे एका विद्यापीठात शिकवते. इकडचं सांगते, कामाचं वाटलं तर घ्या.

इथे क्यूएए नावाची संस्था प्रत्येक विषयाचं एक मानक-पत्रक काढते, मानसशास्त्राचंही आहे, पदवीधराला किमान काय यायला हवं त्याचं. वर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता. त्यात एक गोष्ट मला फार पटली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा संशोधन प्रोजेक्ट करायचा, आणि सोसायटीच्या सदस्यत्वाचा रस्ता उघडा ठेवायचा असेल तर त्या प्रोजेक्टमधे पास व्हावंच लागतं, बाकी पेपरांतले मार्क लावून ती कसर भरून निघत नाही. म्हणजे त्यांनी ठरवलंय की हे एक आलंच पाहिजे. आणि उत्तरपत्रिकांचे नमुने दुसरा माणूस पुन्हा बघतो, शिवाय दुसऱ्या विद्यापीठातला परीक्षक येतो तो प्रत्येक पोराला मार्क द्यायला नाही, आमचं मार्क देणं सरळ आहे का ते बघायला.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचंही वाचा. २००७ च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत १० ध्येयं होती, ती २०१३ ला ५ केली: विषयज्ञान, शास्त्रीय चौकशी आणि चिकित्सक विचार, नीती आणि सामाजिक जबाबदारी, संवाद, व्यावसायिक तयारी. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीतही पाचच आहेत, नावं थोडी बदलली. पण मला त्यातलं उपयोगी वाटलं ते असं की २०१३ च्या आवृत्तीत प्रत्येक ध्येयाच्या दोन पायऱ्या दिल्यात, सुरुवातीच्या पेपरांनंतर काय यावं आणि पदवी हातात पडताना काय यावं. आपल्याकडे पहिल्या वर्षाचे आणि तिसऱ्या वर्षाचे आउटकम शेजारी ठेवले तर अदलाबदल केली तरी कळणार नाही. उदाहरणार्थ सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकत्र वाढताना-घटताना दिसणं. पहिल्या वर्षी पोराला एवढं यावं की मोबाइल जास्त वापरणाऱ्यांना झोप कमी लागते म्हणजे मोबाइलमुळेच झोप उडाली असं नसतं, ज्यांना झोप येत नाही तेच मोबाइल घेऊन बसत असतील. तिसऱ्या वर्षी त्याने सांगावं की मग हे तपासायला प्रयोग कसा लावशील, कोणाला कुठल्या गटात टाकशील, आणि काय केलेलं चालणार नाही.

तिसरं_वर्ष_संपलं

मी विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो, या वर्षी बी.ए. झालो. मला जे कोणीच शिकवलं नाही ते म्हणजे या पदवीवर मी काय करू शकत नाही. निकाल लागल्यावर आमच्या वाड्यातल्या एक काकू मुलीला घेऊन आल्या, म्हणाल्या तू आता मानसोपचारवाला झालास ना, हिच्याशी बोल, जेवत नाही, रडते. मी तासभर बोललो. काय बोललो ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. पुस्तकातली लक्षणं एकेक करून विचारली आणि आजाराचं नाव सांगून मोकळा झालो. नशीब की माझ्या मोठ्या बहिणीने त्यांना सिव्हिलला मानसोपचार विभागात नेलं आणि ती मुलगी आता बरी आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, त्याचा कायदा १९९२ चा आहे, समोरच्याची माहिती गुप्त ठेवायची हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, हे मला सगळं नंतर कळलं, तेही युट्यूबवरून. आमच्या अभ्यासक्रमात ‘विद्यार्थ्यांमध्ये समुपदेशनाची कौशल्ये विकसित होतील’ असं एक वाक्य होतं. ते वाक्य धोक्याचं आहे हो. खिडकीताई, तुमच्या यादीत हे टाका ना, की आलेल्या माणसाला ऐकून घेणं, नाव न देणं, आणि योग्य जागी पाठवणं हे यायला हवं. आणि याची परीक्षा लेखी नको, समोर एकाला बसवून घ्या.

वर्गातली_खिडकी

@तिसरं_वर्ष_संपलं, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. टाकते, पहिल्या तिनात टाकते. आमच्याकडच्या यादीत ‘नीतिमूल्यांची जाणीव’ एवढंच आहे आणि त्यावर ५ मार्कांची टीप विचारतात. प्रयुक्ताची संमती घेतली का, त्याचं नाव जर्नलमधे उघडं लिहिलं का, हे आपण प्रॅक्टिकलला बघतच नाही, खरं तर नीती तिथेच दिसायला हवी. त्या मुलीने ‘माझी आजी, मोतीबिंदू’ लिहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, पण आजीला विचारून लिहिलं का हेही मी तिला शिकवायला हवं होतं.

मधल्या काळात एक करून पाहिलं ते सांगते. दरवर्षी प्रश्न असतो, ‘ऋण प्रबलन म्हणजे काय ते सांगून उदाहरण द्या’. सगळे व्याख्या लिहितात, उदाहरण पुस्तकातलंच. या वेळी चाचणीत असं दिलं: ‘डोकं दुखायला लागलं की शकुंतलाबाई बाम लावतात, दुखणं थांबतं. आता त्या थोडं दुखलं तरी लगेच बाम लावतात. ही शिक्षा की ऋण प्रबलन? कारण लिहा.’ अर्ध्याहून जास्त वर्गाने ‘शिक्षा’ लिहिलं, आणि त्यात व्याख्या घडाघडा म्हणणारी पोरंही होती. एकीला जवळ बसवून विचारलं तर म्हणाली, मॅडम ऋण म्हणजे कर्ज, वजा, म्हणजे वाईटच ना काहीतरी. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. ऋण म्हणजे इथे काहीतरी काढून घेणं, आणि प्रबलन म्हणजे वागणं वाढणं, बाम लावणं वाढलं की नाही, मग शिक्षा कशी होईल, एवढं तिच्याशी बोलले आणि पुढचं उदाहरण तिने स्वतःच दिलं, गाडीत पट्टा लावेपर्यंत वाजणारी पिपाणी.

बाराखडी_ते_बिने

हा मराठी शब्दांचा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. मी भाषांतराची कामं करते, मानसशास्त्राच्या पुस्तकांचीही केलीत. अभिसंधान, प्रबलन, बोधनिक, अवधान हे शब्द पोरं पहिल्यांदा ऐकतात ती थेट वर्गात, घरी कोणी बोलत नाही. त्यामुळे मराठी माध्यमाच्या पोराला संकल्पना आली नाही की शब्द अडला, हे परीक्षेत वेगळं काढणं गरजेचं आहे. आपल्याकडे याची जुनी वाट आहे. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापन चाचणी आणली ती नुसतं भाषांतर करून नाही, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांवर लावून बघून, इथल्या मुलाला कुठल्या वयाला काय येतं त्याप्रमाणे प्रश्नांची मांडणी करून. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे. मग पदवीच्या परीक्षेचा प्रश्न इंग्रजीतून जसाच्या तसा मराठीत आणून का देता? आमच्याकडे तर मराठी प्रश्नाच्या खाली ‘शंका असल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य’ असं छापलेलं असायचं.

आणि थोडं तोंडी घ्या. सगळ्यांची भाषा कागदावर सारखी चालत नाही.

खानदेशी_मास्तर

बामवाला प्रश्न उद्या वर्गात घेतो. शकुंतलाबाईंच्या जागी आमच्याकडचं नाव टाकीन.

आकडेमोडी, तुम्ही सांगितलेलं १६-१६ चं करून बघितलं हो, जुन्या चाचणीवर, दोन पोरांना बसवलं. २० वस्तुनिष्ठ प्रश्नांपैकी ७ प्रश्न काहीच वेगळं करत नव्हते. एकात तर माझीच उत्तरतालिका चुकलेली, दोन वर्षं तशीच वापरत होतो. ज्यांचं बरोबर होतं त्यांना शून्य दिलं असणार मी. त्यातली काही पोरं आता बाहेर पडली, त्यांना कुठे शोधणार.

आता एक सांगा. पास व्हायला ४० हा आकडा. प्रश्न सोपे काढले तर ४० म्हणजे काहीच नाही, अवघड काढले तर ४० म्हणजे हुशार. मग मानक कुठलं म्हणायचं?

आकडेमोडी

मास्तर, लाख मोलाचा प्रश्न. यासाठी अँगॉफची पद्धत आहे, १९७१ पासून चालत आलेली, वैद्यकीय परीक्षांत खूप वापरतात. तिघे-चौघे शिक्षक बसा. आधी बोलून ठरवा की जेमतेम पास व्हावा असा, काठावरचा विद्यार्थी म्हणजे कसा, त्याला काय येतं, काय येत नाही. मग एकेक प्रश्न घ्या आणि प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता लिहा की अशा काठावरच्या १०० पोरांतल्या किती जणांना हा येईल. सगळ्या प्रश्नांची सरासरी काढली की त्या पेपराची पास-रेघ मिळते. विद्यापीठाचा ४० तुम्ही बदलू शकत नाही, ठीक आहे, पण उलटं करता येतं, तुमची रेघ ५५ आली तर पेपर फार सोपा झालाय, २५ आली तर फार अवघड, आणि छपाईला द्यायच्या आधी प्रश्न हलवता येतात. मला विचाराल तर आकड्यापेक्षा ती सुरुवातीची अर्ध्या तासाची चर्चा जास्त कामाची, कारण काठावरचा विद्यार्थी कोण हे चार शिक्षकांच्या डोक्यात चार वेगळं असतं आणि ते त्याआधी कोणीच बोललेलं नसतं.

अजून एक, अंतर्गत मार्कांच्या चाचण्या शेवटी एकदम घेऊ नका, दर पंधरवड्याला छोट्या घ्या. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आपण स्मरणात शिकवतोच. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर ज्यांनी स्वतः आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. परीक्षा घेण्यानेच शिकणं होतं, हे आपल्याच विषयाने दाखवलंय, मग आपल्याच वर्गात ते का नको.

लीड्सकर

+१. फक्त छोट्या चाचण्यांनंतर उत्तरं त्याच आठवड्यात सांगा, नाहीतर पोरं चुकीचंच पक्कं करून बसतात.

वर्गातली_खिडकी

मंडळी, उशिरा लिहितेय, मधे सबमिशन होतं. सगळ्या पेपरांचं एकदम झेपणार नाही, म्हणून आधी प्रॅक्टिकलचं जर्नल घेतलं. २० मार्कांचे चार भाग केले, प्रत्येकी ५. आकडे स्वतः घेतले आणि कसे घेतले ते लिहिलं का, संमती आणि नाव झाकणं यासकट. काय बिघडलं, कशाने निकाल हलला असेल ते सांगितलं का. तक्ता आणि आलेख दुसऱ्याला वाचता येईल असा आहे का. आणि निष्कर्ष आकड्यांना धरून आहे का. हस्ताक्षर, समास, लाल शाई यांना काही नाही. प्रत्येक भागाला ५ केव्हा, ३ केव्हा, १ केव्हा हे दोन-दोन ओळींत लिहिलं.

मग ते आजीचं जर्नल, नाव झाकून, मी आणि आमच्या दुसऱ्या मॅडमनी वेगवेगळं तपासलं. त्यांना कोणाचं ते माहिती नव्हतं. माझे १६ आले, त्यांचे १३. पहिल्या तीन भागांत आमचे तंतोतंत जुळले, संमतीचे दोघींनीही कापलेत. तफावत सगळी निष्कर्षात. तिने लिहिलं होतं, ‘आजीला भ्रम झाला, पण किती झाला ते मी खात्रीने सांगू शकत नाही कारण उजेड बदलला होता.’ मी त्याला ५ दिले, त्यांनी २ दिले, म्हणाल्या निष्कर्ष अपूर्ण आहे. पाऊण तास बोललो. शेवटी त्या भागाची ओळ बदलली: ‘आकड्यांवरून जेवढं म्हणता येतं तेवढंच म्हटलंय, आणि जे म्हणता येत नाही तेही सांगितलंय, तर ५.’ मॅडमनी आपले मार्क त्याप्रमाणे बदलले.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिला बोलावून जर्नल दाखवलं आणि सांगितलं की गेल्या वर्षीचे मार्क आता बदलता येत नाहीत, पण तुझं तपासताना आम्ही चुकलो होतो. तिने विचारलं, मॅडम, मग चष्म्याचे ४ प्रयत्न सरासरीत धरायचे की नाही?

खानदेशी_मास्तर

ते चार भाग आणि ५-३-१ च्या ओळी इथेच टाका मॅडम, जशा आहेत तशा. आमच्याकडे प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहेत, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आधीच पाठवून ठेवतो.